'स्केपगोट' आणि 'बळीचा बकरा' : एक अर्थचिकित्सा

इंग्रजीतील 'स्केपगोट' या शब्दासाठी मराठीत 'बळीचा बकरा' हा प्रतिशब्द इतका रूढ झाला आहे की, त्यातील विसंगती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मूळ विधीत या बोकडाचा वेदीवर बळी दिला जात नाही, हीच तर त्याची ओळख होय.

बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या ग्रंथाच्या 16 व्या अध्यायात प्रायश्चित्तदिनाचा विधी आला आहे. त्यात बोकड दोन आहेत. चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी व दुसरा 'अजाजेल'साठी ठरविला जातो. पहिला बळी जातो. दुसऱ्याच्या मस्तकावर दोन्ही हात ठेवून महायाजक अहरोन लोकांची सर्व पापे उच्चारतो आणि त्या बोकडाला जिवंत अरण्यात सोडले जाते. 'अजाजेल' हे स्थळाचे नाव की एखाद्या अरण्यवासी दुष्ट शक्तीचे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. प्राचीन ग्रीक व लॅटिन भाषांतरकारांनी मात्र 'पाठवून दिलेला' असा अर्थ घेतला. त्याच वाटेने जाऊन विल्यम टिंडेल याने 1530 साली 'एस्केप' या क्रियापदाच्या संक्षिप्त रूपापासून 'स्केपगोट' हा शब्द घडविला. 1611 च्या किंग जेम्स आवृत्तीने तो कायम ठेवला. 1885 च्या सुधारित आवृत्तीत 'अजाजेल' परत आला खरा. पण तोवर टिंडेलचा शब्द धर्मग्रंथाबाहेर पडून व्यवहारात रुळला होता.

फ्रेंच 'बूक एमिसेर'मध्ये पाठवणी आहे, जर्मन 'झ्युंडेनबॉक'मध्ये पाप आहे, इंग्रजीत सुटका आहे. मराठी प्रतिशब्दाने मात्र पहिल्या बोकडाचे मरण दुसऱ्याच्या पदरी घातले. मिश्नातील वर्णनानुसार पुढे दुसरा बोकडही कड्यावरून लोटला जाई. तरीही तो वेदीवरचा बळी नव्हे.

हा केवळ शब्दच्छल नाही. बळी निष्कलंक असावा लागतो; स्केपगोटवर कलंक लादलेला असतो. 'बळीचा बकरा' म्हणताच कणव जागी होते, परंतु दोष कोणाचा होता आणि तो कोणी ढकलला, हा प्रश्न मागे पडतो. रेने जिरार यांनी 1982 च्या आपल्या ग्रंथात नेमका यावरच भर दिला आहे : जमाव आपल्या लक्ष्याला खरोखरच अपराधी मानतो. हा अर्थ 'बळी'त मावत नाही. तो मराठीत अन्यत्र आहे. दुसऱ्याच्या माथी खापर फोडणे या वाक्प्रचारात दोष आहे, तो लादणारा हात आहे आणि अहरोनाने हात ठेवला ते मस्तकही आहे.