कलम ६९ : गाळलेले चार शब्द

कायदाही वाङ्मयासारखाच शब्दशः वाचावा, असे आमचे मत आहे. परक्या सरकारच्या १८८५ च्या तारायंत्र कायद्यातही संदेश अडविण्यास ‘सार्वजनिक आणीबाणी’ वा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ ही अट होती. तिच्याच बळावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या, २००८ मध्ये दुरुस्त झालेल्या, कलम ६९ मध्ये मात्र ती अट नाही. कोणत्याही गुन्ह्याच्या तपासाचे निमित्त त्यास पुरते, आणि साठविलेला मजकूरही त्याच्या कक्षेत येतो. माकणीच्या शेतकऱ्याने मोबाइलात जपलेला लेकीचा निरोप बंद पाकिटाइतकाच खाजगी नव्हे काय? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. आता ते चार शब्द कलमात यावेत, एवढेच आमचे मागणे.