भिंत, दगड आणि प्रेक्षक : नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांचा विचार

नागराज मंजुळे यांचे चित्रपट लोकप्रिय झाले, हे सांगण्यासाठी समीक्षेची आवश्यकता नाही. प्रश्न वेगळाच आहे. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरच्या या लेखक-दिग्दर्शकाने ‘पिस्तुल्या’ या लघुपटापासून ‘झुंड’ (२०२२) पर्यंत जी वाटचाल केली, तीत त्यांची दृष्टी व्यापक झाली, की तिची धार बोथट झाली? जळगाव-धुळ्याकडील आमच्या वाचकांत या प्रश्नावर दुमत आहे. म्हणून हा विचार.

मंजुळे मूळचे कवी. ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा त्यांचा कवितासंग्रह. कवीचा मितभाषीपणा त्यांच्या पटकथेतही उतरला आहे. ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटास दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात कैकाडी कुटुंबातील जब्या आईबापांसह गावासमोर डुक्कर पकडतो. बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन हे कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जाते. त्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई यांची चित्रे आहेत. येथे एकही संवाद नाही, भाष्य नाही. भिंतीवरील आश्वासन आणि खांद्यावरील ओझे यांतील अंतर प्रेक्षकाने स्वतःच मोजावयाचे आहे.

शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. हा द्वेषाचा पुरस्कार होय, असा आक्षेप काही उपासक घेतात आणि धम्मपदातील कोधवग्गाकडे बोट दाखवितात. आम्हांस हा आक्षेप अपुरा वाटतो. सुत्तनिपातातील वसलसुत्तात अग्गिक भारद्वाज हा ब्राह्मण भिक्षेसाठी आलेल्या भगवंतांना ‘वसल’ असे हिणवून दूरच थांबावयास सांगतो. भगवंत संतापत नाहीत. वसल कोणास म्हणावे हे तुला ठाऊक आहे काय, असे ते विचारतात आणि मनुष्य जन्माने नव्हे, कर्माने वसल ठरतो, हे उलगडून सांगतात. हिणविणारा शब्द तेथे प्रश्न होऊन हिणविणाऱ्याकडे परततो. जब्या शास्ता नाही. तो कोंडीत सापडलेला पोर आहे, त्याच्याजवळ शांती नाही. परंतु दिग्दर्शकाने त्याच्या दगडाचा रोख बदलला, तेव्हा त्याचाही प्रश्नच झाला : इतका वेळ तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहून पाहत होता?

‘सैराट’ (२०१६) मध्ये हा प्रश्न कायम आहे, पण त्याची मांडणी सदोष आहे, असे आमचे मत आहे. पूर्वार्धातील गाण्यांची मोहिनी इतकी दीर्घ आहे की पुष्कळ प्रेक्षकांनी गाणी घरी नेली आणि शेवटचे रक्ताळलेले मूक दृश्य चित्रपटगृहातच ठेवले. लग्नाच्या वरातीत तीच गाणी वाजली आणि जातीबाहेरच्या लग्नास विरोध करणारेही त्यांवर नाचले. याचा सर्व दोष दिग्दर्शकाकडे जात नाही. काही अंशी मात्र जातो.

‘झुंड’ नागपूरच्या विजय बारसे यांच्या कार्यावर आधारलेला आहे. येथे भिंत पुन्हा येते. ‘फँड्री’तील भिंत महापुरुषांना मिरविते, ही भिंत महाविद्यालयाचे मैदान आणि झोपडपट्टी यांना विभागते. भीमजयंतीचा उत्सव हिंदी पडद्यावर एवढ्या सहजतेने क्वचितच आला असेल. तथापि अमिताभ बच्चन यांच्या उपस्थितीमुळे मुलांची कथा अधूनमधून उद्धारकर्त्याची कथा होते. ओळख सिद्ध करणाऱ्या कागदासाठी गरिबाने घातलेले हेलपाटे, हाच या चित्रपटाचा खरा गाभा आहे. तेथे नायकाची गरज भासत नाही.

तात्पर्य, मंजुळे यांची दृष्टी रुंदावली आहे, हे आम्हांस मान्य आहे. आणि ‘फँड्री’ची धार त्यांना पुन्हा गवसलेली नाही, हेही आम्ही नोंदवितो. बाबासाहेबांचे चित्र पडद्यावर दिसले एवढ्यावर संतुष्ट होणे हा आपला मोठा धोका आहे. चित्र ‘फँड्री’तल्या भिंतीवरही होते. त्या चित्राखालून कोण, काय वाहून नेत आहे, हे दाखविणारा चित्रपटच आमच्या दृष्टीने श्रेष्ठ होय.