तंत्राचा स्वीकार : एक शब्दचिकित्सा

नगररचनेत नवे तंत्र कशामुळे स्वीकारले जाते, या प्रश्नाला शासकीय व खाजगी प्रकल्प निरनिराळी उत्तरे देतात. २०१५ ते २०२५ या काळात चाललेल्या स्मार्ट सिटी अभियानाने १०० शहरे निवडली. तेथील मुख्य प्रेरणा केंद्रीय अनुदानाची होती. पुण्यातील मगरपट्टा नगरीत जमीनमालक शेतकरीच कंपनीचे भागधारक झाले. तेथे प्रेरणा स्वहिताची होती. परंतु या दोहोंच्या विवेचनात यंत्र बसविणे आणि ते लोकांनी आपलेसे करणे यांतील भेद बहुधा पुसला जातो.

हा भेद शहराबाहेर अधिक स्पष्ट दिसतो. सारंगखेडा ज्या शहादा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. पुढे शिधा व अनुदाने त्या क्रमांकाशी जोडली गेली आणि वापर सार्वत्रिक झाला. त्यास स्वीकार म्हणावे की निरुपाय? सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा त्याची चाल पाहतो आणि न पटल्यास रिकाम्या हाताने परततो. नकाराची ही मोकळीक जेथे नाही, तेथे केवळ वापराच्या आकड्यांवरून स्वीकार सिद्ध होत नाही.