घड्याळजीचे भाष्य

डेव्हा सोबेल ह्या विदुषींचे ‘लाँजिट्यूड’ हे इंग्रजी पुस्तक १९९५ साली प्रसिद्ध झाले व शास्त्रीय विषयावरील पुस्तकास क्वचितच लाभणारी लोकप्रियता त्यास लाभली. ती अस्थानी आहे असे आम्ही म्हणणार नाही. भर समुद्रात रेखांश सांगणारे घड्याळ घडविणाऱ्या जॉन हॅरिसन ह्या सुताराची कथा कादंबरीप्रमाणे वाचकास ओढून नेते. परंतु घड्याळाविषयी आपणास काय कळले असे वाचनानंतर मनास विचारावे, तो समाधानकारक उत्तर मिळत नाही.

चार मिनिटांची चूक म्हणजे एका अंशाची चूक. १७१४ च्या कायद्याने २०,००० पौंडांच्या बक्षिसासाठी अर्ध्या अंशाची मर्यादा घातली होती. हॅरिसनचे १७५९ साली पुरे झालेले चौथे घड्याळ जमेकाच्या प्रवासात अवघे ५ सेकंद मागे पडले. हे साधले कसे? उष्णतेने कमानीचा ताठरपणा घटतो व घड्याळ मागे पडते. हॅरिसनने पितळ व पोलाद ह्यांची जोडपट्टी योजिली. पितळ अधिक प्रसरण पावत असल्याने ती पट्टी तापली की वाकते, आणि कमानीचा हलता भाग आखूड करून चूक भरून काढते. साऱ्या कथेचे मर्म ह्या पट्टीत आहे. लेखिका मात्र तिला ओझरता स्पर्श करून बक्षिसाच्या भांडणाकडे वळतात. त्या भांडणात राजज्योतिषी मॅस्कलिन ह्यांसही पुरता न्याय मिळालेला नाही. घड्याळे महाग होती तोवर, चंद्राच्या गणितावर आधारलेल्या त्यांच्या १७६७ पासूनच्या नाविक पंचांगानेच कित्येक जहाजांस वाट दाखविली.

पुस्तकाचे खरे बळ आम्हांस शेवटच्या प्रकरणात आढळले. रुपर्ट गूल्ड हा ब्रिटिश आरमारातील अधिकारी. घड्याळजीचे रीतसर शिक्षण त्याने घेतले नव्हते. ग्रिनिच येथे गंजत पडलेली हॅरिसनची घड्याळे त्याने १९२० पासून हाती घेतली. त्यांतील पहिले १९३३ साली पुन्हा चालू झाले. हॅरिसनचे लिखाण दुर्बोध; तेव्हा प्रत्येक चाक तेथे का आहे, हे चाकासच विचारावे लागले. दुरुस्ती ही अशा रीतीने वाचनच ठरते. मल्लिनाथाने कालिदासाचे केले ते ह्याहून फार वेगळे नव्हे: आपले मोठेपण न मिरविता मूळ कृती पुन्हा बोलती करणे.

बंद पडलेली वस्तू टाकून नवी आणण्याची सवय आता घरोघर जडली आहे. घडविणाऱ्याचे चरित्र लिहिले जाते. उघडून, समजून घेऊन पुन्हा चालविणाऱ्याचे क्वचितच. सोबेलबाईंनी गूल्डची दखल घेतली ह्याबद्दल त्यांचे आभारच मानावयास हवेत. परंतु ते प्रकरण शेवटी न येता आरंभी यावयास हवे होते, असे आम्हांस वाटते.