दडवलेला तराजू : ऑनलाइन नेमबाजीतल्या जोडीविषयी

जत्रेतल्या कुस्तीच्या फडात जोड लागते ती भर मैदानात. पंच दोन्ही पैलवानांचे वय, अंगकाठी, आधीच्या कुस्त्या नजरेने तोलतात, आणि जोड विजोड वाटली तर कडेला बसलेले लोक आरडाओरडा करून ती मोडायला लावतात. पंच चुकतातही, पण चुकले ते सगळ्यांना दिसते. काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट, कॉल ऑफ ड्यूटी अशा ऑनलाइन नेमबाजीच्या खेळांतही अहोरात्र जोडी लागत असते. तिथे पंचाच्या जागी एक आज्ञावली बसलेली असते आणि तिचा तराजू खेळाडूला दिसत नाही. या व्यवस्थेला मॅचमेकिंग म्हणतात. हा शब्द ऐकून आपल्याला वधूवर सूचक मंडळ आठवते, आणि ती आठवण अगदीच अस्थानी नाही. मध्यस्थाचे हित दोन्ही पक्षांच्या हिताहून वेगळे असू शकते, हा अनुभव तिथलाही आहेच.

या व्यवस्थेवर खेळाडूंमध्ये गेली काही वर्षे जे भांडण चालू आहे ते मला चुकीच्या जागी अडकलेले वाटते. एक पक्ष म्हणतो, कौशल्य पाहून जोड लावणे अन्यायाचे आहे. दुसरा म्हणतो, तेच न्यायाचे आहे. माझ्या मते जोड बरोबरीची असावी की नसावी हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. बरोबरी कशी मोजली आणि मोजणाऱ्याला काय हवे आहे, हे खेळाडूला कळते का, हा खरा प्रश्न आहे.

या मोजमापाचे मूळ बुद्धिबळात आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे आर्पाद एलो यांची गुणांकन पद्धत अमेरिकी बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये आणि जागतिक महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. तिचे तत्त्व साधे आहे. दोन खेळाडूंच्या गुणांकांतल्या फरकावरून निकालाची अपेक्षा काढायची, आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून वेगळा लागला की गुणांक त्या प्रमाणात सरकवायचा. दोनशे गुणांनी वरचढ असलेल्याने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, असे हे गणित सांगते. पण बुद्धिबळात एकासमोर एक बसतो. पाच जणांच्या संघाचे काय करायचे?

याचे उत्तर मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधकांनी 'ट्रूस्किल' या नावाने दिले. त्यात प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे असतात : एक त्याच्या अंदाजित कौशल्याचा आणि दुसरा त्या अंदाजातल्या अनिश्चिततेचा. नवा खेळाडू आला की अनिश्चितता मोठी असते, सामने वाढतील तशी ती आकसते. इथपर्यंत कल्पना सुंदर आहे. संघाची ताकद मात्र सदस्यांच्या ताकदीची बेरीज धरली आहे, आणि नेमकी तिथे डावपेचांची हकालपट्टी होते.

काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. सामन्याच्या पहिल्या फेरीत प्रत्येकाच्या खिशात ८०० डॉलर असतात. एके-४७ बंदूक २७०० डॉलरची, लांब पल्ल्याची एडब्ल्यूपी ४७५० ची. ओळीने फेऱ्या हरलेल्या संघाला मिळणारी भरपाई वाढत जाते. त्यामुळे कसलेला संघ कधी कधी ठरवून एक फेरी सोडतो : पिस्तुलावर भागवतो, पैसे साठवतो आणि पुढच्या फेरीत पाचही जण पूर्ण शस्त्रांनिशी उतरतात. हा निर्णय पाचांनी मिळून पाळला तरच उपयोगाचा. एकाने हट्टाने बंदूक विकत घेतली की चौघांचा संयम वाया जातो. बेरजेत हा संयम कुठेच बसत नाही. तसेच दारातून पहिला आत घुसून मरणाऱ्याचे. शत्रू कुठे दडला आहे ही माहिती तो मरता मरता संघाला देतो, आणि त्याच्या नावापुढे बळी मात्र थोडे दिसतात. मी ज्यांच्याबरोबर खेळत आलो त्यांच्यातले सर्वांत उपयोगी खेळाडू गुणफलकावर बहुधा खालच्या ओळींत असत.

२०१८ मध्ये आलेल्या 'ट्रूस्किल २' ने ही उणीव ओळखली. कोण मित्रांचा गट करून आले आहे, कोण किती बळी घेतो, किती वेळा मरतो, कोण सामना अर्धवट टाकून जातो, हेही त्यात धरले गेले. हेलो ५ च्या जुन्या सामन्यांचे निकाल ओळखताना जुनी पद्धत ५२ टक्के वेळा बरोबर ठरली, नवी ६८ टक्के वेळा. म्हणजे जुनी पद्धत नाणेफेकीच्या जेमतेम वर होती. सुधारणा मोठी आहे, मला ती मान्य आहे. परंतु बळींना वजन आहे हे कळताच खेळाडू फेरी जिंकण्याऐवजी बळी टिपायला धावतो. मोजपट्टी बदलली की खेळही बदलतो. रायटच्या व्हॅलोरंटने गटाच्या प्रश्नावर वेगळा तोडगा काढला : मानांकनाच्या सामन्यात चौघांना गट करून उतरता येत नाही, कारण उरलेला पाचवा परका एकटा पडतो. मला हा साधा नियम कितीतरी गणितांहून शहाणपणाचा वाटतो, कारण तो उघड आहे आणि त्याचे कारण कोणालाही पटते.

आता मोजणाऱ्याच्या हिताकडे वळू. अॅक्टिव्हिजन कंपनीने २०१५ मध्ये अर्ज केलेले एक पेटंट ऑक्टोबर २०१७ मध्ये मंजूर झाले. कल्पना अशी, की नवख्याला अशा तरबेज खेळाडूसमोर उभे करायचे, की त्याच्या हातातले विकतचे शस्त्र पाहून नवख्याला ते घेण्याचा मोह व्हावा. आणि घेतल्यावर ते शस्त्र जिथे चांगले चालेल अशाच सामन्यात त्याला पाठवायचे. हे कोणत्याही खेळात वापरलेले नाही, असे कंपनीने सांगितले. ते खरे मानूनही जोड लावणाऱ्याच्या मनात काय काय येऊ शकते याचा हा नोंदणीकृत पुरावा आहे. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या एका शोधनिबंधाने तर उघडच मांडले, की बरोबरीचा सामना हे ध्येय न ठेवता खेळाडू खेळ सोडून जाऊ नये हे ध्येय ठेवून जोड लावता येईल.

अॅक्टिव्हिजननेच २०२४ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीच्या मॅचमेकिंगवर सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. त्यात एक प्रयोग होता : काही खेळाडूंसाठी कौशल्याची अट सैल केली. दहापैकी नऊ खेळाडूंचे परतण्याचे प्रमाण घटले. फायदा दिसला तो वरच्या दहाव्या हिश्श्याला. म्हणजे 'कौशल्य पाहू नका' ही मागणी बहुतांशी, दुबळे सावज हवे असलेल्या तरबेजांची आहे, हा माझा जुना संशय बळावतो. नवशिक्याने रोज मार का खावा? या बाबतीत मी कंपनीच्या बाजूने आहे. पण पुरावा कशाचा दिला, हेही पाहायला हवे. खेळाडू परत आला का, हा दुकानदाराचा प्रश्न झाला. गिऱ्हाईक परत येते म्हणून वजनकाटा बरोबर आहे, असे सिद्ध होत नाही.

बरोबरीची जोड चोख लागत गेली तर खेळाडू कितीही सुधारला तरी निम्मे सामने हरतच राहतो, कारण समोरचेही तितकेच तगडे होत जातात. अशा वेळी आपली प्रगती कळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे मानांकन. तेच दडवले, तर वर्षभर घासूनही माणूस तिथल्या तिथे असल्यासारखा भासतो. कॉल ऑफ ड्यूटीच्या साध्या सामन्यांत कौशल्याचा आकडा जोड लावायला वापरतात, खेळाडूला दाखवत नाहीत. व्हॅलोरंटमध्ये दिसणारी रँक वेगळी आणि आत दडलेला आकडा वेगळा, हे खुद्द रायटनेच सांगितले आहे. मग सलग पाच सामने हरलेला मुलगा 'मला मुद्दाम हरवतात' असे म्हणू लागतो. बहुधा ते खरे नसते. पण ते खोडून काढायला त्याच्याजवळ काहीच नसते, आणि कंपनी ते साधन त्याला देत नाही.

आकडा उघड केला तर लोक फसवणूक करतील, हा बचाव नेहमी ऐकू येतो. मुद्दाम हरून खालच्या गटात शिरणारे, नवे खाते काढून नवख्यांना झोडपणारे 'स्मर्फ' आहेतच. ते आकडा दडवूनही थांबलेले नाहीत. बुद्धिबळातही गुणांक मुद्दाम पाडणारे निघतात, म्हणून कोणी एलोचे सूत्र कुलुपात ठेवले नाही. सांगलीच्या स्पर्धेत आपल्याच गुणांकाच्या प्रतिस्पर्ध्याकडून हरलेला दहा वर्षांचा मुलगा परतीच्या एसटीत वहीवर गणित मांडू शकतो : त्याच्या वयाला गुणक ४०, अपेक्षा अर्धी, मिळाले शून्य, म्हणजे वीस गुण गेले. आणि पुढच्या फेरीत कोणाशी खेळून ते परत मिळवायचे, हेही तो त्याच पानावर लिहितो.