विली लोमनचें मागणें

आर्थर मिलर या अमेरिकन नाटककाराचें 'डेथ ऑफ ए सेल्समन' हें नाटक १९४९ सालीं न्यू यॉर्क येथें रंगभूमीवर आलें व त्याच वर्षीं त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें. तेव्हांपासून या नाटकावर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्याविषयीं पुन्हा लेखणी उचलणें कित्येकांस अनवश्यक वाटेल. कोणी त्यांत बापलेकांचें वैर पाहिलें, कोणी खोट्या स्वप्नाचा नाश पाहिला, तर कोणी सामान्य मनुष्य शोकनाट्याचा नायक होऊं शकतो कीं नाहीं, या वादांत आपलें पांडित्य खर्च केलें. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु नाटकांतील एका साध्या गोष्टीकडे द्यावें तितकें लक्ष दिलें जात नाहीं, असें आम्हांस वाटतें. ती गोष्ट अशी कीं, ६३ वर्षांचा एक नोकर मालकाकडे जाऊन आपणांस झेपेल असें काम मागतो, आणि असलेली नोकरीहि गमावून परत येतो.

विली लोमन हा फिरता विक्रेता. न्यू यॉर्कच्या एका पेढीचा माल न्यू इंग्लंडमध्यें विकण्यांत आपलीं ३४ वर्षें गेलीं, असें तो मालकास सांगतो; त्याची पत्नी लिंडा ३६ सांगते. आतां त्याच्यानें मोटार नीट चालवत नाहीं. चालवितां चालवितां त्याचें भान सुटतें व गाडी रस्ता सोडूं लागते. पेढीनें पगार आधींच बंद करून, एखाद्या नवशिक्याप्रमाणें, त्यास नुसत्या कमिशनवर ठेवलें आहे. दुसऱ्या अंकांत तो तरुण मालक हॉवर्ड याच्या कचेरींत जातो व फिरती बंद करून शहरांतच कांहीं काम द्यावें, अशी विनंती करतो. आठवड्यास ६५ डॉलर तो मागतो. मग ५० वर येतो. मग ४० वर. आंकडा जसजसा उतरतो, तसतसा तो मनुष्यहि आपल्या डोळ्यांदेखत उतरत जातो. या तीन आंकड्यांनीं मिलरनें जें साधलें, तें दहा भाषणांनीं साधलें नसतें.

हॉवर्ड हा दुष्ट नाहीं, हीच या प्रवेशाची खरी खुबी होय. नव्यानें आणलेल्या ध्वनिलेखन-यंत्रावर तो आपल्या मुलांचे आवाज कौतुकानें ऐकवीत आहे. विलीस तो विश्रांति घेण्याचा सल्ला देतो, कर्त्या मुलग्यांची आठवण करून देतो. 'आतां आराम करा' असें गोड शब्दांत सांगून वयस्क नोकरास दाराबाहेर काढण्याची रीत आपल्याकडेहि अपरिचित नाहीं. हॉवर्ड क्षणभर बाहेर जातो, तोंच विलीच्या हातून तें यंत्र सुरू होतें. तें बंद कसें करावें हें न कळून तो भेदरून ओरडतो. म्हातारा नोकर नव्या साधनांपुढें निरुपयोगी, हें मालकाच्या मनांतील चित्र विलीनें जणूं स्वतःच खरें करून दाखविलें!

या प्रवेशांत विली कशाच्या आधारें भांडतो, तें वाचकांनीं पाहावें. हॉवर्डच्या वडिलांनीं दिलेलीं वचनें, हॉवर्डच्या बारशाच्या वेळची आठवण, जुना घरोबा, एवढेंच त्याचें भांडवल. ८४ व्या वर्षीं हॉटेलच्या खोलींत बसून टेलिफोनवरून माल विकणारा डेव्ह सिंगलमन हा त्याचा आदर्श. म्हातारपणींहि मानानें काम करतां येतें, एवढाच त्या आदर्शाचा अर्थ. पण 'हा माझा हक्क आहे' असें म्हणावयास त्याच्यापाशीं आधार नाहीं. वचन देणारा मेला, आणि त्याबरोबर वचनहि मेलें.

येथें शेजारी चार्ली याची आठवण होते. तो विलीस आठवड्यास ५० डॉलर देऊं करतो, आणि फिरतीवर पाठविणार नाहीं, असेंहि सांगतो. म्हणजे जें हॉवर्डकडे रडून मागितलें, नेमकें तेंच. तरी विली तें नाकारतो. टीकाकार यास मत्सर म्हणतात, दुराभिमान म्हणतात. आणि तो त्यांत आहेच. परंतु आमच्या मतें आणखी एक गोष्ट आहे. चार्लीकडील नोकरी ही मित्राची दया. पेढींतील जागा ही आयुष्यभराच्या श्रमांचें देणें. दया आणि देणें यांतील भेद विलीस सांगतां येत नाहीं, पण कळतो.

जो भेद विलीस सांगतां आला नाहीं, तो पुढें अमेरिकेच्या कायद्यानें सांगितला. १९६७ च्या कायद्यानें चाळिशी उलटलेल्या नोकरास केवळ वयासाठीं काढणें बेकायदा ठरविलें. तेव्हां त्याचें संरक्षण ६५ व्या वर्षापर्यंतच होतें, म्हणजे विली त्यांत बसला असता. १९९० च्या अपंगविषयक कायद्यानें तर, अपंग नोकरास झेपेल असा कामांत फेरफार करणें, रिकाम्या जागीं त्याची बदली करणें, हीं मालकाचीं कर्तव्यें म्हणून नोंदविलीं. मात्र त्यामुळें धंद्यावर अवाजवी भार पडूं नये. विलीची याचना ती हीच!

मग कायद्यानें विली वाचला असता काय? आम्हांस शंका आहे. १९२८ सालीं आपण आठवड्यास सरासरी १७० डॉलर मिळविले, असें विली म्हणतो. हॉवर्ड तें साफ नाकारतो. खरें कोणाचें, हें नाटककार सांगत नाहीं. कित्येकांस हा दोष वाटेल. आम्हांस तो गुण वाटतो. कारण न्यायालयापुढें प्रत्येक वेळीं हाच पेंच येतो. मालक 'तुझें वय झालें' असें कधींच म्हणत नाहीं. 'विक्री घटली' असें म्हणतो. आणि २००९ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, वय आड आलें नसतें तर नोकरी गेलीच नसती, हें नोकरानेंच सिद्ध केलें पाहिजे, असा निर्णय देऊन तो पेंच अधिकच आंवळला.

आपल्या देशाकडे वळावें तर चित्र अर्धें उजळ, अर्धें काळोखें आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानें, सेवेंत असतां अपंगत्व आलेल्या नोकरास काढूं नये, त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या जागेवर न्यावें, जागा नसल्यास त्याच्यासाठीं जादा जागा निर्माण करावी, असें ठरविलें. अमेरिकन कायदा रिकाम्या जागेपाशीं थांबतो; आपला एक पाऊल पुढें जातो. पण हा नियम सरकारी आस्थापनांपुरता. खाजगी पेढींतील विलीस त्याचा उपयोग नाहीं. वयाविषयीं तर विचारूंच नये. सरकारी नोकरींत कोणत्या कारणांवरून भेद करूं नये, तें सांगणाऱ्या घटनेच्या १६ व्या अनुच्छेदांत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांचीं नांवें आहेत, वयाचें नाहीं. आणि खाजगी नोकरींत वयावरून भेद करण्यास मनाई करणारा सर्वसाधारण कायदाच आपल्याकडे नाहीं.

नाटक हा कायद्याचा मसुदा नव्हे, हें आम्ही जाणतों. विलीचा नाश केवळ नोकरी गेल्यानें होत नाहीं. त्यास त्याचीं स्वतःचीं असत्येंहि कारण आहेत. पण सदोष मनुष्याचाहि न्याय्य वांटा असतो, आणि तो देतांना त्याचे दोष पुढें करणें ही जगाची जुनी युक्ति आहे. ही युक्ति उघडी पाडण्याचें काम मिलरनें एका कचेरीच्या चार भिंतींत केलें. घरांत मिळवता मनुष्य साठीकडे झुकत असलेल्या प्रत्येक कुटुंबानें हा प्रवेश एकवार वाचावा, आणि हॉवर्डपाशीं विलीचें काय देणें होतें, याचा हिशेब आपल्याशीं करून पाहावा.