हिवरे बाजारचा डोंगर वाचताना

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जाणारे पाहुणे गावातले नेटके रस्ते पाहून खूश होतात. या गावाची खरी निर्मिती मात्र वर डोंगरावर आहे: पावसाचे पाणी आणि माती अडवणारे पाणलोटाचे काम. हे काम माथ्याकडून पायथ्याकडे होते; त्याचा आस्वादही त्याच क्रमाने घ्यावा.

उतारावरचे समतल चर आधी पाहावेत. डोंगर वळतो तसे तेही वळतात, पण त्यांची पातळी ढळत नाही. म्हणून चरात उतरलेले पाणी धावत नाही, जागच्या जागी मुरते. पातळी चुकली तर पाणी सखल टोकाला जमते, भराव फोडते आणि माती अडवायला काढलेल्या चराचीच घळ होते. खोदलेली माती खालच्या अंगाला रचलेली, तिच्यावर गवताची मुळे घट्ट. या वळणदार रेषेत शोभेसाठी काहीच नाही, तरीही नजर हटत नाही.

खाली ओघळीतल्या दगडी बांधात दगड दगडाला अडकवून बसवलेला असतो, सिमेंटचा थेंबही नाही. पाणी फटींतून वाट काढते, मात्र त्याचा जोर मोडतो आणि गाळ मागे राहतो. त्याखाली नालाबांध, पाझर तलाव, मग शेतांचे बांध आणि विहिरी. वरची माती वरच थांबली नसती, तर खालचे तलाव गाळानेच भरले असते. प्रत्येक टप्पा पुढच्याची राखण करतो.

सर्वांत मोठी दाद मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या भागाला द्यावी लागते. 1990च्या दशकात, पोपटराव पवार सरपंच असताना, गावाने श्रमदानाबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी, म्हणजे झाडतोडीला मनाई, स्वीकारली. गुरे डोंगरावर सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून आणायचे. सिंचनासाठी बोअरवेल नाही, ऊस-केळी नाही. वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटर पावसाच्या या गावात पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. स्वतःच्या गोठ्याला आणि विहिरीला मर्यादा घालून घेणे हे कुदळ चालवण्यापेक्षा कितीतरी अवघड. ते साधले म्हणून डोंगरावर गवत टिकले आणि गवतामुळे माती टिकली.

तुमच्या गावात पाणलोटाचे काम झाले असेल, तर किती चर खोदले एवढ्यावर थांबू नका. चराईबंदी अजून पाळली जाते का, हेही ग्रामसभेत उभे राहून विचारा.